वाचून झाल्यावर काय लिहायचं?

प्रेमकथा वाचून संपली की लगेच 'आवडली' असं लिहून मोकळी होऊ नकोस. कुठल्या पानावर थांबलीस, कुठे चिडलीस, ते आधी टिपून ठेव. मी पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने पानांचे आकडे लिहिते (लायब्ररीचं पुस्तक असेल तर बसच्या तिकिटामागे).

कथानक सांगत बसू नकोस, ते मलपृष्ठावर असतंच. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' घे. २००६ साली आलेली, लहानशी कादंबरी. घरात राहायला आलेल्या एकाच भाडेकरूच्या प्रेमात भाऊ आणि बहीण दोघंही पडतात. आधी तनय बोलतो, तेही थेट त्या निघून गेलेल्या माणसाशी. मग अनुजाची डायरी. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पूर्णपणे तनयच्या बाजूने होते आणि अनुजाचा भाग भराभर उरकला. काही वर्षांनी परत वाचली, तर तीच जास्त जवळची वाटली. पुस्तक तेच होतं गं, बदलले होते मी. जुनी नोंद नसती तर हे कळलंही नसतं. म्हणून तारीख घालत जा.

दुसऱ्यांचं मत वाचायचं ते आपलं लिहून झाल्यावर. आणि नायकाचा हट्टीपणा 'प्रेम' म्हणून खपवलेला दिसला, तर स्पष्ट लिही. सगळ्यांना आवडलंय म्हणून गप्प बसू नकोस. पन्नास पानांत जीव रमला नाही तर खुशाल सोडून दे. फक्त का सोडलंस, ती एक ओळ लिही. माझ्या वहीत अशाच ओळी सगळ्यात मजेशीर आहेत.