आजीचा नमस्कार कोण नेतं?

प्रिय मुक्ता,

परवा फोनवर तू विचारलेलं अजून डोक्यात घोळतंय. घाईत काहीतरी सांगून मोकळं व्हायचं नव्हतं, म्हणून हे पत्र. लोणंदचा मुक्काम आटोपून माउलींची पालखी पुढे निघाली, गल्लीतल्या मावशी दिंडीबरोबर चालायला लागल्या, आणि आजीनं त्यांच्या हातावर अकरा रुपये ठेवून म्हटलं, "पांडुरंगाला माझा नमस्कार सांगा." तू विचारलंस, "आपला नमस्कार दुसऱ्याबरोबर कसा पाठवायचा? आणि तो पोचला हे आजीला कसं कळणार?"

आजीचे गुडघे आता साथ देत नाहीत. पूर्वी ती निदान फलटणपर्यंत चालत जायची. नीरेत पादुकांना स्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात येते. मग लोणंद, चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण, तरडगाव, फलटण, बरड, की पुढे सोलापूर जिल्हा सुरू. या सगळ्या वाटेवर ज्यांना जाणं जमत नाही, ते जाणाऱ्याच्या हाती काहीतरी देतात. कुणी नाणं, कुणी नारळ, कुणी नुसता निरोप. मावशींच्या कमरेच्या पिशवीत गल्लीतल्या निम्म्या घरांचे पैसे असतील, आणि कोणते कुणाचे हे त्यांना तोंडपाठ असेल. पंढरपुरात पोचल्यावर त्या एकेकाचं नाव घेऊन हात जोडतील. येताना बुक्का आणि चुरमुऱ्यांचा प्रसाद आणतील, तो घरोघर वाटतील. आजीला कळतं ते असं.

तुला अंतराळवीर व्हायचंय ना? मग हे तुझ्या जगातसुद्धा चालतं, ते सांगते.

स्पेस शटलच्या काळात नासा प्रत्येक अंतराळवीराला खासगी वस्तूंसाठी एक छोटी पिशवी द्यायची. जास्तीत जास्त २० वस्तू, सगळ्यांचं मिळून वजन दीड पौंड, म्हणजे जेमतेम ६८० ग्रॅम. त्यांची यादी आधी मंजूर करून घ्यावी लागे. नियमांत इतका काटेकोरपणा येण्यामागे एक वाईट गोष्ट होती. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी परवानगी न घेता जवळजवळ ४०० टपाल पाकिटं चंद्रावर नेली. पुढे त्यांतली काही विकली गेली आणि मोठा गवगवा झाला. त्या तिघांपैकी कुणीही पुन्हा अंतराळात गेलं नाही. विकायला म्हणून नेलेल्या वस्तूबरोबर कुणाचाच नमस्कार जात नाही, असं मला मनापासून वाटतं.

पण बाकीच्यांनी काय नेलं बघ. आर्मस्ट्राँगनं १९६९ मध्ये चंद्रावर राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाच्या पंख्याचा लाकडी तुकडा आणि पंखावरच्या कापडाचा तुकडा नेला होता. ते दोघे भाऊ तोवर कधीच गेले होते. अपोलो १४ मध्ये स्टुअर्ट रूसानं झाडांच्या शेकडो बिया नेल्या. तो आधी जंगलातल्या वणव्यांवर विमानातून उडी मारून आग विझवणारा होता, बिया वनखात्याच्या होत्या. त्याचे दोन सोबती चंद्रावर उतरले, हा बियांसकट वर घिरट्या घालत राहिला. परत आल्यावर त्या बिया रुजल्या, आणि त्यांतली कित्येक झाडं अमेरिकेत अजून उभी आहेत. चार्ल्स ड्यूकनं तर १९७२ मध्ये बायको आणि दोन मुलांसोबतचा फोटो चंद्राच्या मातीत ठेवला. फोटोमागे सगळ्यांच्या सह्या होत्या. एकटा गेला तो, पण घर सोबत घेऊन.

आता एक दुःखाची गोष्ट. तू दहा वर्षांची आहेस, तुला सांगायला हरकत नाही. पेत्र गिंझ नावाचा प्रागचा एक ज्यू मुलगा होता. दुसऱ्या महायुद्धात त्याला नाझींनी कोंडून ठेवलं. चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल याचं चित्र त्यानं काढलं होतं. १९४४ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याला मारलं. इलान रामोन या इस्रायली अंतराळवीरानं २००३ मध्ये त्या चित्राची प्रत सोबत नेली. कोलंबिया यानात कल्पना चावलाही होती. १ फेब्रुवारीला परत येताना ते यान कोसळलं, सातही जण गेले. चित्राची ती प्रत परत आली नाही. तरी तुझ्या "पोचला का?" या प्रश्नाला माझं उत्तर "पोचला" असंच आहे. ज्या मुलाला भिंतीबाहेर जाऊ दिलं नाही, त्याच्या नावानं कुणीतरी पृथ्वीभोवती फेऱ्या मारल्या. तेवढं झालं, आणि ते कुणाला पुसता येणार नाही.

आपले शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये गेले तेव्हा सोबत हंसाचं एक मऊ खेळणं होतं. ते तरंगायला लागलं की वजनरहित अवस्था आली हे कळायचं. गाजर हलवा, मूगडाळ हलवा आणि आमरसही होता. त्या वर्षीची आषाढी एकादशी, ६ जुलै, त्यांनी अंतराळ स्थानकातच काढली. खाली आपल्याकडे चंद्रभागेच्या वाळवंटात पाय ठेवायला जागा नसेल.

तर, शाळेच्या प्रोजेक्टसाठी "मी अंतराळात काय नेईन" अशी यादी तू केली आहेस. त्यात हेडफोन, मांजरीचा फोटो, लकी पेन असं सगळं तुझंच आहे. ते असू दे. पण काही जागा मोकळ्या ठेव. आजीला विचार, तिला काय पाठवायचंय. मावशी पंढरपूरहून आल्या की त्यांनाही विचार, त्या नक्की काहीतरी काढून देतील. आणि वीसपैकी एक जागा माझी. वस्तू अजून ठरवलेली नाही, पण वजनाला हलकी देईन.

आजीच्या गुडघ्यांना रात्री तेल लावून दे.

तुझी,
आई