फ्लॅट भाड्याने देताना घरमालकाचा पर्सनल नंबर स्पॅम कॉलपासून कसा वाचवायचा?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीच्या फ्लॅटसाठी वडिलांचा नंबर साईटवर टाकला आणि आता ब्रोकर, लोनवाले, इंटिरियरवाले दिवसभर फोन करतायत, वडील नंबरच बदलायचा म्हणतायत. नंबर अजिबात बदलू नका. तो बँकेला, आधारला जोडलेला असणार, आणि बंद केलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या कोणालातरी देते, मग एखाद्या ठिकाणी बदलायचा राहिला तर ओटीपी परक्या माणसाकडे जाणार.

आमचा घणसोलीला वन बीएचके आहे, आईच्या नावावर. आम्ही पण हेच केलं होतं, वर गॅलरीत 'भाड्याने देणे आहे'चा बोर्ड लावला त्यावरही आईचाच नंबर. भाडेकरू आठवड्यात मिळाला पण फोन पुढे वर्षभर येत होते, जाहिरात काढली तरी, कारण एका ब्रोकरने उतरवून घेतलेला नंबर पुढे दहा जणांकडे जातो. त्यातच एकजण म्हणाला मी आर्मीत आहे, मुंबईला बदली झालीय, फ्लॅट न बघताच डिपॉझिट पाठवतो, आणि क्यूआर कोड पाठवून स्कॅन करा, पिन टाका सांगायला लागला. आई टाकणारच होती, मी घरी होतो म्हणून वाचलो. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे वडिलांना आजच शेजारी बसून सांगा, प्लीज.

आता आम्ही जाहिरातीसाठी वेगळं सिम ठेवलंय. ते माझ्या फोनमध्ये दुसऱ्या स्लॉटला आहे, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, पण बँक, यूपीआय काही जोडलेलं नाही. साईटवर नंबर लपवायची सोय असेल तर तीही ऑन करतो आणि खाली 'फक्त मेसेज करा' लिहितो, ज्याला खरंच घर हवंय तो मेसेज करतोच. आईचा नंबर भाडेकरूला अ‍ॅग्रीमेंटच्या वेळी मिळतो, त्याआधी नाही. फ्लॅट गेला की त्याच दिवशी जाहिरात काढायची.

वडिलांचा नंबर पसरलाय त्याचं काय, तर १९०९ ला फोन करून डीएनडी (नको असलेले जाहिरातीचे कॉल-मेसेज बंद करायची सोय) चालू करा, बँकेचे ओटीपी त्याने थांबत नाहीत. पण डीएनडीने रजिस्टर्ड टेलिमार्केटिंगवाले थांबतात, साध्या दहा आकडी नंबरवरून फोन करणारा ब्रोकर थांबत नाही, त्याची तक्रारच करावी लागते. ट्राय म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या डीएनडी अ‍ॅपवर किंवा १९०९ वर त्याचा नंबर, तारीख आणि तो काय म्हणाला ते द्या, कॉल आल्यापासून ७ दिवसांच्या आत. ट्रायच्या नियमांतल्या २०२५ च्या बदलानंतर अशा अनरजिस्टर्ड लोकांविरुद्ध तक्रार करायला डीएनडी असायलाच हवं असंही नाही. दोनचार तक्रारी करायचा कंटाळा करू नका. आर्मीवाल्यासारखा कोणी आला तर सरकारच्या संचार साथी साईट-अ‍ॅपवर संशयास्पद कॉल कळवायची 'चक्षू' सोय आहे तिथे टाका, आणि पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा.

अनोळखी कॉल सायलेंट करायची सेटिंग बरेच लोक सुचवतील, घरमालकाने ती लगेच लावू नये असं माझं मत आहे. आमच्याकडे वॉचमनचा फोन असाच वाजला नाही, बाथरूमची लाईन फुटली होती आणि आम्हाला कळेपर्यंत पाणी खालच्यांच्या सीलिंगमध्ये उतरलं. आधी वॉचमन, सोसायटी ऑफिस, प्लंबर आणि भाडेकरूच्या घरचा एक नंबर सेव्ह करा, मगच ती लावा.