कर्ज काढून मॅकबुक? थांबा जरा

(सांगली जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र : मुलगा कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, 61 टक्के. 'ॲण्ड्रॉइड फुकट्यांचं, खरा पैसा आयफोनच्या ॲपमध्ये. सोसायटीचं कर्ज काढून मॅकबुक घ्यायचं आम्ही ठरवलंय. तो तयार नाही, तुम्ही समजावा.')

नमस्कार,

पत्र दोनदा वाचलं. 'आम्ही ठरवलं' पाच वेळा आलंय; पोराचं म्हणणं एकदाही नाही. फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) टाकला की दुधाचा दर काढून देणारं ॲप त्याने केलं, डेअरीवर सात-आठ जण ते वापरतात, हे तुम्ही कंसात लिहिलंय. वर 'असले उद्योग करत बसतो' ही तक्रार. अहो, अख्ख्या पत्रात कामाचं तेवढंच आहे! टक्क्यांचं म्हणाल तर डिप्लोमानंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तो रस्ता त्याला ठाऊक असणार.

आता 'खुलं ॲण्ड्रॉइड म्हणजे फुकट, बंद आयफोन म्हणजे पैसा' हा समज. आयफोनचं ॲप करायला मॅक, म्हणजे ॲपलचाच कॉम्प्युटर हवा, वर ॲपलला दरवर्षी 99 डॉलर. गिऱ्हाइकापर्यंत जायचं तर आपल्याकडे ॲप स्टोअर हा एकच दरवाजा, आणि किल्ली ॲपलच्या कनवटीला. ॲण्ड्रॉइडसाठी गुगलच्या प्ले स्टोअरला 25 डॉलर, तेही एकदाच. म्हणून ती काही धर्मशाळा नव्हे. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला आधी 12 जणांकडून सलग 14 दिवस ॲप वापरून घ्यावं लागतं, मगच ते सगळ्यांसाठी खुलं करण्याचा अर्ज. विक्रीतला वाटा दोघंही घेतात. छोट्या ॲपवाल्यांसाठी तो 2021 मध्ये दोघांनीही 30 वरून 15 टक्क्यांवर आणला. म्हणजे कमिशनच्या हिशेबात आयफोनवाला काही जिंकत नाही.

फरक आहे तो सुरुवातीला. तुमच्या मुलाने एपीके फाइल (ॲण्ड्रॉइड ॲप फोनवर टाकायची फाइल) व्हॉट्सॲपवर धाडली, फोनने अनोळखी ॲपचा इशारा दिला, डेअरीवाल्याने 'परवानगी द्या' दाबलं, आणि त्याच दिवशी दर निघायला लागले. कुठल्या कंपनीला विचारावं लागलं नाही. आयफोनवर हे जमलं नसतं. आणि खरं सांगा, तुमच्या डेअरीत कॅन घेऊन येणाऱ्या किती जणांकडे आयफोन आहे?

त्याला मी समजावणार नाही. कर्ज काढू नका. पुढे आयफोनवाल्या गिऱ्हाइकाचं काम आलं तर त्या पैशातून तो जुना मॅक मिनी घेईल.

पुढचं पत्र त्याला लिहू द्या. गाय आणि म्हैस यांचे दरपत्रक त्याने ॲपमध्ये वेगवेगळे ठेवलेत का, तेही कळवायला सांगा. मला उत्सुकता आहे.