पहिलीतलं मूल "काही नाही" म्हणतं तेव्हा

ताई, तुमचा मुलगा पहिलीत आहे. शाळेतून आला की "आज काय शिकवलं?" याला रोज "काही नाही" म्हणतो, वहीचं अर्धं पानही भरलेलं नसतं, म्हणून आत्तापासूनच शिकवणी लावू का, असं तुम्ही विचारलंय. धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर मी 31 वर्षं काढली, त्यातली बरीचशी पहिली-दुसरीच्या वर्गांवर. त्या बळावर सांगते, लावू नका.

पहिलीचं शिकणं वहीत फारसं उतरतच नाही. परिपाठच घ्या. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, दिनविशेष, एखादी गोष्ट. आपल्याला वाटतं, हा रोजचा शिरस्ता. पण घरी अहिराणी बोलणाऱ्या आमच्या मुलांच्या कानावर प्रमाण मराठी इतकी सलग पहिल्यांदा तिथेच पडायची. "मनी पाटी घरमा शे" म्हणणाऱ्या मुलाला मी कधी टोकलं नाही. "पाटी घरी राहिली का रे?" एवढंच म्हणायचे. दिवाळीच्या सुमारास तो दोन्ही बोलायला लागायचा, माझ्याशी एक आणि मधल्या सुट्टीत दुसरी. केवढं शिकला तो! वहीत मात्र त्याची एक ओळ नाही.

गणिताचं तर विचारूच नका. "त्रेचाळीस" म्हणताना आपण आधी तीन म्हणतो, मग चाळीस. लिहिताना आधी चार, मग तीन. मूल ऐकलं तसं लिहितं आणि 34 करून ठेवतं. "एकोणतीस"मध्ये तर नऊ कुठे ऐकूच येत नाही. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "वीस एक", "चाळीस तीन" असं वाचन दिलं तेव्हा राज्यभर वादंग झाला. भाषा बिघडेल ही लोकांची भीती मला समजत होती, पण वर्गात बसून 34 आणि 43 चा घोळ ज्यांनी पाहिला, त्यांना ते का दिलं हेही समजत होतं. मी दोन्ही म्हणून घ्यायचे.

त्यासाठी आमच्याकडे असायच्या काड्या. दहा काड्या झाल्या की रबर लावायचं, गठ्ठा बांधायचा. एक मुलगी चौदा काड्या मांडायला बसली. एक गठ्ठा, चार सुट्या. मग पाटीवर 41 लिहिलं. मी काहीच बोलले नाही, फक्त म्हटलं, "आता पाटीवर लिहिलंस तेवढ्या काड्या मांड." तिने एक गठ्ठा ठेवला, दुसरा, तिसरा, चौथा, त्यांच्या बाजूला एक सुटी काडी. दोन्ही ढिगांकडे बघत राहिली. मग ओढणीने, हो, माझ्याच ओढणीने, पाटी पुसली आणि 14 लिहिलं. अर्धा तास गेला. घरी जाऊन तीही "काही नाही" असंच म्हणाली असणार.

दुपारची खिचडीसुद्धा मी शिकण्यातच धरते. हात धुणं, रांग, आपला नंबर येईपर्यंत थांबणं. सहा वर्षांच्या जिवाला थांबणं फार जड जातं. ताटं मोजायचं काम मी पहिलीच्याच मुलांकडे द्यायचे: पटावर 27, आज तीन गैरहजर, ताटं किती काढायची? एक जरी कमी पडलं तरी कोणीतरी हात हलवत उभं राहतं, त्यामुळे ती वजाबाकी कोणी चुकत नसे.

जेवणानंतर गाणी, चित्रं, मातीकाम, मैदान. मातीचे गोळे वळल्याने बोटांत जोर येतो आणि पेन्सिल नीट धरता येते. ज्यांची बोटं तयार नाहीत त्यांच्याकडून पानंच्या पानं गिरवून घेणं मला पटत नाही. शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितलंय, म्हणजे सरासरी रोजचे चार तास. एवढ्या तासांनंतर संध्याकाळी त्याला पुन्हा सतरंजीवर बसवू नका.

"काय शिकवलं?" हा प्रश्न त्याच्यासाठी फार मोठा आहे. त्याऐवजी "आज शेजारी कोण बसलं होतं?", "गोष्टीत कोण कोण होतं?", "खिचडीत काय होतं?" असं विचारा. चपात्या मोजायला सांगा. दुकानाच्या पाटीवर त्याच्या नावातलं अक्षर दिसतं का, ते शोधू द्या.

दिवाळीनंतरही स्वतःच्या नावातली अक्षरं ओळखत नसेल, किंवा दहापर्यंत वस्तू मोजताना एकच वस्तू दोनदा मोजत असेल, तर मात्र वर्गशिक्षिकेला भेटा. शाळा सुटल्यावर दहा मिनिटं मागून घ्या, मुलालाही सोबत न्या, आणि तो कुठे अडतो ते त्यांच्यासमोरच काड्या मांडून बघा.