परदेशातल्या भारतीय दूतावासावर पहारा कुणाचा?
तुम्ही विचारलंय, दूतावासाला पहारा आपला की त्या देशाचा, आणि साताऱ्याच्या पोराला ती ड्युटी मिळेल का.

मूळ जबाबदारी यजमान देशाची. १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं कलम २२ तेच सांगतं. पण कागदावर भागत नाही, म्हणून काबूलला आयटीबीपी (आपलं भारत-तिबेट सीमा पोलीस दल) होती. ७ जुलै २००८ ला स्फोटकांनी भरलेली गाडी गेटाशी फुटली, मृतांत आपले दोन जवानही होते. आवाराबाहेर तर आणखी अवघड. १९८४ मध्ये बर्मिंगहॅमला आपले राजनैतिक अधिकारी रवींद्र म्हात्रेंना घरी जाताना पळवलं आणि मारलं. (पुण्यातला म्हात्रे पूल त्यांच्याच नावाचा, रोज जाणाऱ्यांनाही माहीत नसतं.)

ड्युटीचं म्हणाल तर थेट भरती नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या सैनिकांच्या गावातल्या पोरांनाही हेच सांगतो: आधी एसएससी जीडीतून (स्टाफ सिलेक्शन कमिशनची कॉन्स्टेबल भरती परीक्षा, दहावीची नव्हे) आयटीबीपीत लागा, पुढची निवड खात्यातूनच होते.