मुठीत धरलेला ब्रश

प्रश्न : सर, मी ५९ वर्षांची, नागपूरची. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा 'ए' ग्रेडने पास झाले होते. मग लग्न, पोस्टातली नोकरी, आणि जलरंगाची पेटी माळ्यावर गेली. गेल्या वर्षी उजव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. केमो संपून सात महिने झाले. आता पेटी खाली काढली, तर बोटांची टोकं बधिर, रेघ थरथरते, थोड्या वेळात हात जड होतो. सूनबाई म्हणते, "आई, कशाला जिवाला त्रास करून राहिल्या?" माझा जुना हात परत येईल का?

उत्तर : ताई, जुन्या हाताची वाट पाहत बसू नका. आज जो हात आहे, त्यानेच सुरू करा. चार वर्षांपूर्वी मला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस मी. हात जरा हलू लागला तसा अंबाझरी तलावाचा काठ काढायला बसलो. कागदावर जे उतरलं ते पाहून रडलो, आणि सहा महिने ब्रशला शिवलो नाही. मग तान्ह्या पोळ्याला नातीने लाकडी नंदी पुढे ठेवला, "आजोबा, शिंगं रंगवून द्या." बोटांत ब्रश टिकेना, म्हणून मुठीत धरला. शिंग लाल झालं, त्यासोबत अर्धा कानही. ती तो नंदी घेऊन गल्लीभर मिरवली. तेव्हापासून मी मुठीनेच रंगवतो.

केमोच्या काही औषधांनी बोटांच्या टोकांच्या नसा दुखावतात. पुष्कळांची बधिरता हळूहळू कमी होते, काहींची थोडी राहते. तोवर ब्रश किती घट्ट धरलाय हे बोटं सांगणार नाहीत, डोळ्यांनी पाहावं लागेल. बारीक ब्रश बाजूला ठेवा. बारा नंबरचा गोल ब्रश घ्या आणि दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. जाड दांडा हातात बसतो. जडपणाचं म्हणाल, तर काखेतल्या गाठी काढल्या की काहींच्या हातातला द्रव नीट वाहून जात नाही. सूज दिसली तर आधी डॉक्टरांना दाखवा. कोपराखाली उशी घ्या, पंधरा मिनिटं झाली की उठा. तैलरंग, टर्पेंटाइन सध्या नकोच.

रेघ अगदीच ऐकत नसेल, तर रेघेशिवाय चित्र करा. फ्रान्सचे चित्रकार आन्री मातिस यांचं १९४१ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. त्यानंतर ते बराच काळ पलंगावर नाहीतर चाकाच्या खुर्चीत असत. मदतनीस कोऱ्या कागदांना सपाट रंग देत, मातिस कात्रीने आकार कापत, आणि ते सांगतील तसे तुकडे भिंतीवर लावले जात, हलवले जात. १९५४ मध्ये वारले, तोवर हे काम चालू होतं.

तुम्ही मात्र कात्री घेऊ नका. बधिर बोटाला कापलेलं कळत नाही, आणि त्या हाताला जखम झाली की जंतुसंसर्ग लवकर होतो. कागद हाताने फाडा. पोस्टर कलर दिलेला कार्ट्रिज पेपर फाडला की कडेला आतल्या पांढऱ्याची खरबरीत किनार सुटते. फाडायची दिशा बदला, किनार रुंद होते नाहीतर नाहीशी होते. संत्र्याची साल, फुटाळा तलावाचं संध्याकाळचं पाणी, त्या किनारीने फार छान उतरतं. थरथर तिथे खुपत नाही, मी करून पाहिलंय.

आणि इंटरमिजिएटच्या वेळची चित्रं इतक्यात बाहेर काढून पाहू नका. ती तुलना माझे सहा महिने खाऊन गेली.

कागदाला रंग द्यायला सूनबाईंना बसवा. तिला तुमची काळजी आहे म्हणूनच ती बोलते. मे महिन्यात आपल्याकडे गच्चीवर ताव बघता बघता वाळतो. सकाळी सातच्या आत दोघी मिळून चार-पाच ताव रंगवून ठेवा, फाडायचं काम दुपारी कूलरसमोर बसून.