चिनी औषधी वनस्पती शिकायला घेतोयस? मग आधी नावांचा घोळ समजून घे

पुस्तकातली पाचशे नावं पाठ करत बसू नकोस. एक होआंगछी (अॅस्ट्रॅगॅलस या वनस्पतीची औषधी मुळी) घे आणि महिनाभर तिच्याच मागे लाग. मुळीचा काप उजेडात धर: बाहेर फिकट पांढरा, आत पिवळसर गाभा, मधून आरे फुटल्यासारख्या रेषा. चावून बघ, गोडसर लागते आणि मागून कच्च्या वालासारखा वास येतो. हा वास एकदा डोक्यात बसला की दुकानदार तुला फसवू शकत नाही. काप अगदी पांढरेशुभ्र असतील आणि नाकाला आंबट झोंबत असतील, तर गंधकाची धुरी दिलीय समज. मी सुरुवातीला असेच 'छान गोरे' काप हौसेनं आणले होते!

नावांचं मात्र गंमतीवर नेऊ नकोस. फांगजी नावाची औषधी मुळं दोन. एक स्टेफानियाचं मूळ, दुसरं ग्वांग फांगजी, म्हणजे अॅरिस्टोलोकियाचं. बेल्जियममध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वजन उतरवायच्या गोळ्यांत पहिल्याऐवजी दुसरं गेलं आणि शंभरावर बायकांची मूत्रपिंडं बिघडली. म्हणून पिशवीवर शास्त्रीय नाव नसेल तर घेऊच नको.

फूझी म्हणजे आपल्या विषारी वचनागाच्याच कुळातली मुळी. आपल्याकडे विष कमी करायला शोधन करतात तसं तिथेही आधी संस्कार करतात, मग बराच वेळ वेगळी उकळतात. तिला तू अजून हात लावायचा नाहीस.

काढा मातीच्या भांड्यात कर, लोखंडी नको. आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ज्येष्ठमधाआधी डॉक्टरांना विचार, त्यानं दाब वाढतो.